गणिताच्या मास्तरांचे मासिक

खोडदच्या माळावरील ४५ मीटर व्यासाच्या दुर्बिणी पाहून विद्यार्थ्यांच्या सहली बहुधा लेण्याद्रीकडे वळतात. जुन्नर परिसरातील लेण्यांचे शिलालेख अभ्यासकांपुढे नीटसपणे मांडण्यात ज्यांचा मोठा वाटा, ते जेम्स बर्जेस मात्र कोणाच्या गावीही नसतात.

बर्जेस यांचा जन्म १८३२ चा, स्कॉटलंडमधील. पेशा गणित शिकविण्याचा. १८५५ साली ते कलकत्त्यास आले आणि १८६१ मध्ये मुंबईस सर जमशेटजी जीजीभाईंच्या पारशी शाळेचे प्रमुख झाले. शाळा सांभाळून ते देवळे व लेणी पाहत हिंडले. शत्रुंजय आणि घारापुरी यांवर त्यांनी ग्रंथ लिहिले. १८७२ साली त्यांनी 'इंडियन अँटिक्वरी' हे मासिक काढले. पश्चिम हिंदुस्थानच्या पुरातत्त्व-पाहणीचे काम त्यांच्याकडे आले ते त्यानंतर. म्हणजे मासिक सरकारी नव्हते; उद्योग सर्वस्वी खाजगी होता. लेखकास मानधन नाही, संपादकास वेतन नाही. तरीही ताम्रपट व शिलालेख यांचे हुबेहूब ठसे त्यात छापले जात, आणि मुंबईतील पंडित व युरोपातील प्राध्यापक एकाच ठशावरून वाद घालू शकत. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांचे लेखन त्यातलेच.

१८८१ साली पश्चिम हिंदुस्थानातील लेण्यांच्या शिलालेखांचे पुस्तक निघाले. त्यावर बर्जेस यांच्या जोडीने पंडित भगवानलाल इंद्रजी यांचे नाव आहे. साहेबी अमलात ही गोष्ट लहान नव्हे. जुन्नरच्या या लेखांत धान्यविक्यांच्या श्रेणीने दिलेल्या लेण्याची नोंद आहे. बुरूड व कासार यांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवींचेही उल्लेख आहेत. राजांच्या सनावळ्यांपेक्षा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास हे धन अधिक मोलाचे वाटावे. दुर्दैव एवढेच की, ते इंग्रजीत गेले आणि जुन्नरच्या बाजारपेठेपर्यंत फारसे परतले नाही.

१८८४ पर्यंत मासिक चालवून बर्जेस यांनी ते फ्लीट व टेम्पल यांच्या हाती सोपविले. १८८६ ते १८८९ ते पुरातत्त्वखात्याचे महासंचालक होते. निवृत्तीनंतर एडिंबरोस जाऊन ते पुन्हा गणिताकडे वळले, आणि १९१६ साली तेथेच निवर्तले.

बुरुडांच्या श्रेणीत होती तशी ठेव मात्र 'अँटिक्वरी'च्या नावे कोठेच नव्हती. टेम्पल यांना वेळोवेळी पदरमोड करावी लागली. १९३३ साली मासिक बंद पडले. १९३८ मध्ये कत्रे व गोडे या संपादकांनी 'न्यू इंडियन अँटिक्वरी' काढले, तेही दशकभरच चालले.