गौहरजान आणि लाखेच्या तबकड्या

अँजेलिना योवर्डचा जन्म १८७३ साली आझमगड येथे आर्मेनियन पित्याच्या घरी झाला. आईवडिलांचा विवाह मोडल्यावर आई व्हिक्टोरिया हिने बनारसचा आश्रय घेतला. इस्लाम स्वीकारून ती मलकाजान झाली आणि मुलगी गौहरजान. १८८३ च्या सुमारास दोघी कलकत्त्यास आल्या. बिंदादीन महाराजांकडून नृत्य आणि निरनिराळ्या उस्तादांकडून गायन शिकलेल्या गौहरचे १८८७ मध्ये दरभंगा दरबारात पदार्पण झाले, आणि अल्पावधीतच कलकत्त्याच्या रसिकवर्गात तिचे नाव दुमदुमू लागले.

नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आला. गौहरजान ही ध्वनिमुद्रित झालेली पहिली हिंदी गायिका होय, असे सर्रास लिहिले जाते. ते बरोबर नाही. तिच्या काही दिवस आधी क्लासिक थिएटरच्या शशीमुखी व फणीबाला यांचे गायन मुद्रित झाले होते. परंतु त्या दोघींची नावे आज केवळ सूचिकारांनाच ठाऊक आहेत, हेही तितकेच खरे.

त्या वेळी विजेचा ध्वनिग्राहक नव्हता. भोंग्यात तोंड घालून मोठ्याने गावे लागे, आणि सुमारे तीन मिनिटांत सारे आटोपावे लागे. तासभर रंगणारा ख्याल किंवा ठुमरी एवढ्या अवकाशात बसविण्याची युक्ती गौहरला चटकन साधली. तिचे खरे कर्तृत्व हेच मानावे लागेल. मेणावरील मूळ मुद्रणे जर्मनीत हॅनोव्हरला जात. तेथील कारागिरांना गायिका ओळखता यावी म्हणून गाणे संपताच ती इंग्रजीत स्वतःचे नाव उच्चारी. तबकडीसाठी लागणारी लाखही बहुतांशी हिंदुस्थानातूनच जाई. म्हणजे इथलीच लाख आणि इथलाच गळा परदेशाहून तबकडी होऊन परत येई. १९०८ मध्ये सियालदह येथे कारखाना निघाल्यावर हा फेरा संपला.

१९०२ ते १९२० या काळात तिने दहाहून अधिक भाषांत सुमारे सहाशे मुद्रणे केली, असे मानले जाते. त्या तबकड्यांना आज संग्राहकांत मोल आहे. ते मात्र सरसकट नव्हे. तिची लोकप्रिय गाणी वारंवार छापली गेली, त्यामुळे कुत्र्याच्या चित्राची उत्तरकालीन प्रत फारशी दुर्मिळ नसते. देवदूताच्या चिन्हाची, एकाच बाजूस मुद्रण असलेली हॅनोव्हरची प्रत हाती लागणे ही गोष्ट निराळी. संग्राहक आधी क्रमांक पाहतो, मग चरे. पोलादी सुईने प्रत्येक वादनागणिक खाच झिजते. सबब जी तबकडी कमी वाजली तीच अधिक मोलाची ठरते. गायिकेच्या दृष्टीने याहून विपरीत न्याय कोणता? मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या रेकॉर्ड-संग्राहकांच्या संस्थेने आणि १९९४ मध्ये मायकेल किनिअर यांनी सिद्ध केलेल्या सूचीने या व्यवहारास अभ्यासाची जोड दिली, हे तिचे व आपले सुदैव.

खुद्द गौहरला उत्तरायुष्यात या वैभवाचा उपयोग झाला नाही. सचिव म्हणून आलेल्या व पुढे पती झालेल्या अब्बासशी चाललेल्या खटल्यांत तिची बरीच संपत्ती गेली. १९२८ मध्ये कृष्णराज वडियार यांनी तिला म्हैसूरच्या दरबारी नेमले. तेथेच १७ जानेवारी १९३० रोजी ती निवर्तली.