आचार्य सत्येंद्रनाथ बोस

मराठीतून विज्ञान शिकलेल्या मुलाचे पुढे कसे होणार, हा प्रश्न प्रवेशाच्या दिवसांत पालक आजही विचारतात. त्या वेळी मला हटकून आठवतात ते एक बंगाली प्राध्यापक.

सत्येंद्रनाथ बोस यांचा जन्म १ जानेवारी १८९४ रोजी कलकत्त्यात झाला. वडील रेल्वेच्या सेवेत होते. सहा बहिणींचा हा थोरला भाऊ. प्रेसिडेन्सी महाविद्यालयात त्यांना जगदीशचंद्र बोस व प्रफुल्लचंद्र राय यांच्यासारखे गुरू लाभले आणि मेघनाद साहांसारखा सहाध्यायी. १९१५ च्या एम.एस्सी. परीक्षेत सत्येंद्रनाथ पहिले आले, साहा दुसरे. पुढे दोघेही कलकत्ता विद्यापीठात अध्यापक झाले. नवे भौतिकशास्त्र त्या काळी जर्मन भाषेत अवतरत होते. तेव्हा दोघे जर्मन शिकले आणि आइन्स्टाइन यांचे सापेक्षतेवरील निबंध त्यांनी इंग्रजीत आणले.

१९२१ मध्ये ढाक्यास नवे विद्यापीठ स्थापन झाले आणि बोस तेथे रीडर म्हणून गेले. प्लांक यांचा प्रारणाचा नियम शिकवताना त्यांना एक गोष्ट खटके. सूत्र प्रयोगांशी जुळत होते. परंतु त्याच्या सिद्धतेत परस्परांशी न जुळणाऱ्या जुन्या-नव्या कल्पनांची सांगड घातलेली होती. अशा ठिकाणी सूत्र फळ्यावर लिहून पुढे जाण्याची सोय शिक्षकाला नेहमीच असते. बोस तेथेच थांबले.

प्रकाशकण एकमेकांपासून वेगळे ओळखताच येत नसतील, तर त्यांची मोजदादही निराळ्या रीतीने करावी लागेल, हे त्यांच्या उत्तराचे सार. दोन नाणी उडवली तर चार शक्यता संभवतात. कारण पहिल्यावर छापा व दुसऱ्यावर काटा आणि त्याच्या उलट, या दोन वेगळ्या गोष्टी आपण मानतो. नाण्यांना पहिले-दुसरे म्हणताच येत नसेल, तर शक्यता तीनच उरतात. या मोजणीने प्लांकचे सूत्र जुन्या सिद्धांताच्या कुबड्यांवाचून उभे राहिले. जून १९२४ मध्ये तीस वर्षांच्या बोसांनी तो निबंध थेट आइन्स्टाइन यांना धाडला. त्यांनी स्वतः त्याचा जर्मन अनुवाद करून तो प्रसिद्ध करविला आणि तीच कल्पना अणूंनाही लावली. त्यातून निघालेले पदार्थाच्या एका नव्या अवस्थेचे भाकीत प्रयोगशाळेत प्रत्यक्षात उतरायला १९९५ साल उजाडले. अशा कणांना डिरॅक यांनी दिलेले बोसॉन हे नाव आज पाठ्यपुस्तकांत आहे.

युरोपात दोन वर्षे काढून ते १९२६ मध्ये परतले. डॉक्टरेट नव्हती, तरी आइन्स्टाइन यांच्या शिफारशीच्या बळावर १९२७ मध्ये प्राध्यापक झाले आणि १९४५ पर्यंत ढाक्यातच शिकवीत राहिले. एवढ्या प्रतिभेच्या मानाने त्यांचे प्रसिद्ध लेखन थोडे, ही तक्रार अनेकांनी केली आहे. तीत तथ्य आहे. मात्र त्यांचा वेळ विद्यार्थ्यांत, क्ष-किरणांच्या प्रयोगशाळेची उपकरणे घडविण्यात, मित्रांच्या बैठकीत आणि एसराज वाजविण्यात गेला. तो वाया गेला असे मला म्हणवत नाही. रवींद्रनाथांनी १९३७ मध्ये ‘विश्वपरिचय’ हे आपले विज्ञानविषयक पुस्तक त्यांनाच अर्पण केले.

बोसांचा स्वतःचा गाजलेला निबंध इंग्रजीत होता. जर्मन आणि फ्रेंचही त्यांना अवगत होत्या. त्यामुळे मातृभाषेचा त्यांचा आग्रह परभाषेच्या भयातून आलेला नव्हता. कलकत्त्यास परतल्यावर जानेवारी १९४८ मध्ये त्यांनी बंगीय विज्ञान परिषद स्थापन केली व ‘ज्ञान ओ विज्ञान’ हे मासिक सुरू केले. १९६२ मध्ये जपानात तेथील शास्त्रज्ञ आपल्याच भाषेत गहन चर्चा करताना त्यांनी पाहिले. बंगालीत उच्च संशोधन मांडता येणार नाही, असे म्हणणारे तेव्हा घरीही पुष्कळ होते. १९६३ मध्ये बोसांनी मासिकाचा एक विशेषांक काढला. त्यात केवळ मूळ संशोधनपर निबंध होते, आणि सर्व बंगालीत.