भूक लागण्याआधी खाणारा सायकलस्वार

लांबच्या सायकल प्रवासात भूक लागण्याची वाट पाहू नये, हे आज प्रत्येक नवशिक्याला सांगितले जाते. हा नियम रूढ करणारे पॉल द व्हिवी ना डॉक्टर होते, ना शास्त्रज्ञ. ते रेशमाचे व्यापारी होते.

त्यांचा जन्म १८५३ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या पेर्न गावी झाला. पुढे सेंत-एतियेन या औद्योगिक शहरात त्यांनी रेशमाच्या धंद्यात जम बसवला. १८८१ मध्ये, तिशी जवळ आली असताना, उंच चाकाची सायकल घेतली आणि हळूहळू धंद्यावरचे लक्ष उडाले. १८८७ मध्ये त्यांनी सायकलचे दुकान थाटले आणि सायकलींना वाहिलेले नियतकालिक सुरू केले. ते पुढे ‘ल सिक्लिस्त’ या नावाने गाजले. त्यात ते ‘वेलोसिओ’ या टोपणनावाने लिहीत.

शहराबाहेर पडताच ११६१ मीटर उंचीचा ग्रां ब्वा घाट लागे. अशा चढांसाठी सायकलला अनेक गिअर हवेत, असा त्यांचा आग्रह होता. दुसरा प्रश्न इंधनाचा होता. रात्रंदिवस शेकडो किलोमीटर सायकल चालवून त्यांनी स्वतःच्या शरीरावरच प्रयोग केले. मांसाहार सोडला. काय खाल्ले, केव्हा खाल्ले, त्याने काय झाले, हे पारखून त्यांनी प्रवासाचे सात नियम घालून दिले. थांबे मोजके आणि छोटे असावेत, थोडे थोडे पण वारंवार खावे, भुकेआधी खावे, तहानेआधी प्यावे आणि खाण्याची इच्छाच मरेल इतके कधीही दमू नये, असे त्यांचे सांगणे होते.

या नियमांमागचे शरीरशास्त्र आज स्पष्ट आहे. यकृतात सुमारे १०० ग्रॅम, तर स्नायूंत ३०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन साठते. स्नायूंतला साठा रक्तात परत येत नाही. रक्तातली साखर सांभाळण्याचे काम मुख्यतः यकृताचे असते आणि दोन-तीन तासांच्या जोरदार सायकलिंगनंतर त्याचा साठा आटू लागतो. मेंदूची भिस्त मात्र याच साखरेवर असते. मग घाम फुटतो, हातपाय थरथरतात, चिडचिड होते, डोळ्यांपुढे अंधारी येते. फ्रेंच सायकलस्वार या अवस्थेला ‘फ्रँगाल’ म्हणतात. घाटाच्या उतारावर असे झाले तर ब्रेक दाबायला क्षणाचा उशीरही जिवावर बेतू शकतो. शिवाय अति दमलेल्या माणसाला अन्न नकोसे होते. म्हणजे ज्याला खाण्याची सर्वांत जास्त गरज, त्यालाच खावेसे वाटत नाही.

विज्ञानाकडून याला दुजोरा मिळाला, तेव्हा वेलोसिओ सत्तरीला पोहोचले होते. १९२४ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी बोस्टन मॅरेथॉन पूर्ण केलेल्या काही धावपटूंचे रक्त तपासले. गळून गेलेल्यांची साखर घसरलेली आढळली. पुढच्या वर्षी धावपटूंना आधीच्या आहारात पिष्टमय पदार्थ आणि शर्यतीत गोड गोळ्या दिल्या. साखर टिकली आणि गळून जाणेही टळले.

वेलोसिओ शेवटपर्यंत सायकल चालवत राहिले. १९३० मध्ये, ७६ वर्षांचे असताना, सेंत-एतियेनच्या रस्त्यावर ट्रामच्या धडकेने त्यांचा मृत्यू झाला. ग्रां ब्वा घाटात त्यांचे स्मारक आहे.

पुण्या-मुंबईत २०० ते ६०० किलोमीटरच्या ‘ब्रेव्हे’ राईडला निघणाऱ्यांनाही त्यांचे नियम तितकेच लागू पडतात. निघण्यापूर्वी पोहे, उपमा किंवा पोळी खावी. तासाभरापेक्षा जास्त चालवायचे असेल तर सुरुवातीपासूनच दर २०-३० मिनिटांनी थोडे खात राहावे. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पुरतात. एका मध्यम केळ्यातून साधारण २५ ग्रॅम मिळतात. खजूर आणि चिक्कीही खिशात सहज मावते. लक्षणे दिसताच सायकल बाजूला घेऊन तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज घ्यावे. बरे वाटेपर्यंत पुन्हा सायकलवर बसू नये. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या मधुमेहींनी आपल्या डॉक्टरांकडून डोस ठरवून घेतल्याशिवाय लांब पल्ल्याला निघू नये. सोबत्यालाही आपल्या आजाराची कल्पना द्यावी, कारण साखर फार उतरली की ते स्वतःला सांगता येत नाही.