हजरत उमर बिन अब्दुल अजीज (रह.) यांनी मुलांसाठी काय ठेवले?

वाचकहो, मृत्यू अटळ आहे हे आपण सारेच मानतो; परंतु आपल्या पश्चात लेकराबाळांचे कसे होईल, ही चिंता ईमानवंताच्याही मनाला पोखरत असते. याच चिंतेपोटी माणूस कधी कधी हलाल-हरामची मर्यादा ओलांडतो. म्हणून खलीफा हजरत उमर बिन अब्दुल अजीज (रह.) यांच्या अखेरच्या दिवसांकडे आपण लक्षपूर्वक पाहावे.

ते उमय्या राजघराण्यातले, तर त्यांच्या मातोश्री हजरत उमर फारूक (रजि.) यांच्या नात. तारुण्यात त्यांची उंची वस्त्रे आणि अत्तरे लोकांच्या बोलण्याचा विषय असत. इ.स. 706 मध्ये ते मदीनेचे राज्यपाल झाले. मस्जिद-ए-नबवीचा विस्तार त्यांच्याच देखरेखीखाली झाला. हिजरी सन 99 मध्ये, म्हणजे इ.स. 717 मध्ये, खिलाफतीची जबाबदारी त्यांच्यावर येऊन पडली आणि त्यांचे जीवन पालटले. शाही घोडे त्यांनी नाकारले, वारशाने आलेल्या जमिनी परत केल्या. पत्नी फातिमा या खलीफा अब्दुल मलिक यांच्या कन्या. त्यांनी पित्याकडून मिळालेले दागिने स्वखुशीने बैतुलमालमध्ये जमा केले. नव्याने इस्लाम स्वीकारणाऱ्यांकडून जिझिया घेण्याची प्रथा त्यांनी बंद केली आणि हदीस लिखित स्वरूपात संकलित करण्याचा आदेश दिला.

जेमतेम अडीच वर्षांत, हिजरी सन 101 मध्ये, शाम देशातील दैर सिमआन येथे ते मृत्युशय्येवर पडले. त्यांच्यावर विषप्रयोग झाल्याचे अनेक इतिहासकार नोंदवतात. वय अवघे चाळिशीच्या आसपास आणि पाठीमागे दहाहून अधिक मुलगे. त्यांचे मेहुणे मस्लमा बिन अब्दुल मलिक यांनी कळवळून सुचवले, की मुलांना रिकाम्या हाती सोडू नये, त्यांच्यासाठी काही तरतूद करावी. हजरत उमर (रह.) यांनी सांगितले, की मुलांचा जो हक्क होता तो आपण अडवलेला नाही आणि जो इतरांचा होता तो त्यांना देणार नाही. मुले सदाचारी असतील तर सदाचाऱ्यांचा पालक अल्लाह आहे. दुराचारी असतील तर त्यांच्या पापाला हातभार कशासाठी लावायचा? सूरह आराफच्या 196व्या आयतीतील आश्वासनावर त्यांनी आपली लेकरे सोपवली.

मग मुलांना जवळ बोलावले. त्यांना पाहताच पित्याचे डोळे भरून आले, पण निर्णय ढळला नाही. शेवटी त्यांनी सर्वांना बाहेर जाण्यास सांगितले. दाराशी थांबलेल्या फातिमा आणि मस्लमा यांच्या कानी सूरह कससच्या 83व्या आयतीचे पठण पडत राहिले. परलोकाचे घर अशांसाठीच आहे, जे पृथ्वीवर मोठेपणा मिरवू इच्छित नाहीत आणि बिघाडही माजवू इच्छित नाहीत, असा तिचा आशय. थोड्या वेळाने तो आवाज थांबला. आत जाऊन पाहिले, तेव्हा ते अल्लाहच्या भेटीला निघून गेले होते.

रिवायतीत येते, की पुढे त्यांच्या एका मुलाने अल्लाहच्या मार्गात शंभर घोडे दिले. आणि ज्या खलीफाने अमाप संपत्ती मागे ठेवली, त्याच्या मुलावर दान घेण्याची वेळ आली.

वाचकहो, याचा अर्थ मुलांसाठी काहीच ठेवू नये, असा नाही. वारसांना लोकांपुढे हात पसरायला लावण्यापेक्षा संपन्न अवस्थेत सोडणे उत्तम, ही तर पैगंबर मुहम्मद (स.) यांचीच शिकवण आहे. प्रश्न आहे तो आपण काय ठेवतो याचा. बहिणीचा दाबलेला हिस्सा, व्याजाचा पैसा, कुणाची बळकावलेली जमीन मुलांच्या नावावर करून आपण त्यांचे भविष्य सुरक्षित करत नाही. अल्लाहच्या आश्वासनावर आपला भरवसा नाही, हेच दाखवून देतो. सूरह कहफमधील दोन अनाथ मुलांचा ठेवा भिंतीखाली सुरक्षित राहिला, तो त्यांचा पिता सदाचारी होता म्हणून. अखेरच्या क्षणी ओठांवर कलिमा यावा, अशी आपली दुआ असते. त्या कलिम्याची साक्ष आपल्या वारसाहक्काच्या कागदांनीही द्यायला हवी.

अल्लाह आपणा सर्वांना हलाल कमाई, त्याच्या आश्वासनावर दृढ विश्वास आणि ईमानावर मृत्यू प्रदान करो. आमीन.