ब्रेकला चामडं लावणारी बर्था बेंझ : आजच्या ब्रेक पॅडची सुरुवात

पवनानगरहून दुधिवरे खिंड ओलांडून लोणावळ्याकडे जाताना उतारावर आपला सगळा भरवसा असतो ब्रेकवर. त्या ब्रेकमध्ये काही मिलिमीटर जाडीचा एक थर असतो, तो झिजतो आणि बदलावा लागतो. गॅरेजात त्याला लायनर किंवा पॅड म्हणतात. ही कल्पना सुचली ती भर रस्त्यात, दोन मुलांना घेऊन निघालेल्या एका बाईला.

पैसा तिचा, गाडी नवऱ्याची

बर्था रिंगरचा जन्म ३ मे १८४९ चा, जर्मनीतल्या फोर्झहाइम गावातला. कार्ल बेंझशी तिचं लग्न झालं १८७२ मध्ये. पण लग्नाआधीच तिने स्वतःच्या हुंड्याची रक्कम त्याच्या अडचणीत आलेल्या कारखान्यात घातली होती. जानेवारी १८८६ मध्ये कार्लने तीनचाकी मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. गाडी चालत होती, पण घ्यायला कोणी धजेना. कार्लही लांब पल्ल्यावर न्यायला कचरत होता. गाडी विकली गेली नाही, तर घरचा पैसा बुडणार होता.

१०० किलोमीटरची चाचणी

ऑगस्ट १८८८. नवऱ्याला न सांगता बर्था गाडी घेऊन निघाली. सोबत मुलं, ऑयगेन आणि रिचर्ड. मानहाइम ते फोर्झहाइम, म्हणजे तिचं माहेर, सुमारे १०० किमी. वाटेत पेट्रोलपंप नव्हतेच. वीसलोख गावातल्या औषधाच्या दुकानातून तिने लिग्रॉइन घेतलं आणि तेच इंधन म्हणून गाडीत ओतलं. नळी तुंबली तेव्हा टोपीची पिन कामाला आली. चढावर पोरांनी गाडी ढकलली.

खरी भीती उताराची होती. ब्रेक म्हणजे लाकडी ठोकळे. दाबून दाबून ते झिजले आणि गाडी नीट थांबेना. बर्थाने वाटेतल्या एका गावात चांभाराकडून ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. चामड्याची पकड चांगली, आणि झिजलं तरी फक्त तेवढंच बदलायचं. मोटारीच्या ब्रेकचं हे पहिलं लायनर मानलं जातं.

संध्याकाळी माहेरी पोहोचून तिने कार्लला तार केली. चढासाठी आणखी एक गिअर हवा, हेही नंतर सुचवलं आणि त्याने तो बसवला. ५ मे १९४४ रोजी, ९५ वा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले असताना, ती गेली.

तुमच्या गाडीत तेच तत्त्व

आज चामड्याची जागा पोलादी पट्टीवरच्या खास मिश्रणाने घेतली आहे, पण काम तेच: घासायचं, तापायचं, झिजायचं. म्हणून हे लक्षात ठेवा:

• ब्रेक मारताना किंचाळल्यासारखा आवाज येत असेल, तर पॅड तपासून घ्या. थर साधारण ३ मिमी उरला की बदला.
• लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला, तर गाडी चालवू नका. पॅड संपून डिस्क खराब होत असते.
• पॅड नेहमी एकाच ॲक्सलच्या दोन्ही चाकांचे बदला, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते.
• नवे पॅड बसवल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबा.
• घाटात न्यूट्रल नको. खालचा गिअर ठेवला की इंजिनच वेग धरून ठेवतं, आणि ब्रेक कमी तापतात.

बर्थाला झिजलेला ब्रेक उतारावर कळला. तुम्ही तो पावसाळ्याआधी गॅरेजातच बघून घ्या.