पांथशाळांची शिल्पकार : मेरी कोल्टर

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात ॲरिझोना नावाचे राज्य आहे. तेथे कोलोरॅडो नदीने लक्षावधी वर्षे खडक कापून एक प्रचंड घळई निर्माण केली आहे. तिला ग्रँड कॅन्यन असे म्हणतात. ही घळई सुमारे ४५० किलोमीटर लांब असून काही ठिकाणी दीड किलोमीटरहूनही खोल आहे. तिच्या दक्षिण काठावर सत्तर फूट उंचीचा एक दगडी बुरूज उभा आहे. पाहणाऱ्यास तो शेकडो वर्षांपूर्वीचा वाटतो. परंतु तो बांधून पुरा झाला १९३२ साली. जुन्यानव्याचा असा मेळ घालणाऱ्या कर्तबगार स्त्रीचे नाव मेरी एलिझाबेथ जेन कोल्टर.

मेरीचा जन्म ४ एप्रिल १८६९ रोजी पिट्सबर्ग येथे झाला. पुढे तिचे कुटुंब मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल या गावी स्थायिक झाले. लहानपणी तिला एका नातलगाकडून सू जमातीच्या आदिवासींनी काढलेली काही चित्रे मिळाली. ती तिला प्राणापलीकडे आवडत. एकदा गावात देवीची साथ आली. रोग पसरू नये म्हणून आईने घरातील आदिवासींच्या साऱ्या वस्तू जाळून टाकल्या. मेरीने मात्र ती चित्रे आपल्या गादीखाली लपवून ठेवली! ती तिने जन्मभर जपली आणि अखेरीस एका संग्रहालयाच्या स्वाधीन केली. दुसऱ्यांना टाकाऊ वाटणाऱ्या वस्तूचे मोल ओळखण्याची दृष्टी तिला अशी बालवयातच लाभली होती.

मेरी सतरा वर्षांची असताना तिचे वडील वारले. आई आणि बहीण यांचा भार आता तिच्यावर येणार होता. कलेचे शिक्षण घेतले तर शिक्षिका होऊन आपण घर चालवू, असे तिने आईला पटवून दिले आणि सॅन फ्रान्सिस्को येथील कलाशाळेत प्रवेश मिळवला. शिकता शिकता तिने एका वास्तुशास्त्रज्ञाच्या कचेरीत उमेदवारीही केली. मग सेंट पॉलला परतून तिने तेथील एका तांत्रिक शाळेत सुमारे पंधरा वर्षे चित्रकला शिकवली.

त्या काळी सँटा फे रेल्वे अमेरिकेच्या पश्चिम प्रदेशात प्रवाशांची ने-आण करीत असे. या मार्गावरील स्थानकांजवळ फ्रेड हार्वे नावाच्या उद्योजकाच्या कंपनीने स्वच्छ उपाहारगृहे आणि हॉटेले चालवली होती. १९०२ साली आल्बुकर्की येथील अल्वाराडो हॉटेलाशेजारी आदिवासींच्या कलावस्तूंसाठी एक इमारत उभी राहिली. तिच्या अंतर्भागाची सजावट करण्याचे काम मेरीबाईंना मिळाले. तेथूनच त्यांच्या खऱ्या जीवनकार्याचा आरंभ झाला. १९१० साली त्या कंपनीच्या सेवेत कायम झाल्या आणि १९४८ पर्यंत त्यांनी तेथेच काम केले. इमारतींचे तांत्रिक आराखडे रेल्वेचे अभियंते तयार करीत. पण इमारत कशी दिसावी, तिच्यात कोणते आसन कोठे असावे आणि भिंतीवर कोणता रंग यावा, हे मेरीबाई ठरवीत. बांधकामाच्या क्षेत्रात त्या काळी स्त्रिया क्वचितच दिसत. गवंडी आणि सुतार यांच्यापुढे उभे राहून हुकूम सोडणारी ही बाई पाहून अनेकांना नवल वाटे.

मेरीबाईंचे एक तत्त्व होते. इमारत त्या त्या भूमीतूनच उगवलेली दिसली पाहिजे, असे त्या मानीत. ग्रँड कॅन्यनच्या काठी होपी जमातीच्या कलावस्तूंसाठी घर बांधायचे ठरले, तेव्हा त्यांनी होपींच्या ओराइबी गावातील घरांचा नमुना समोर ठेवला. ही घरे दगडमातीची, धाब्याची आणि एकावर एक पायऱ्यांसारखी रचलेली असतात. खालच्या घराचे छप्पर हेच वरच्या घराचे अंगण. हे ‘होपी हाउस’ १९०५ साली उघडले. ते बांधण्यास होपी कारागीरच राबले होते.

१९१४ साली त्याच काठावर ‘हर्मिट्स रेस्ट’ हे विश्रांतिस्थान तयार झाले. एखाद्या एकांतवासी माणसाने स्वहस्ते ओबडधोबड दगड रचून घर बांधावे, तसे ते दिसते. आतील भव्य चुलाण्याच्या दगडांवर मेरीबाईंनी मुद्दाम काजळी फासली. घर नवे आणि ते काळे कशाला करायचे, म्हणून लोक हसले. परंतु थकूनभागून आलेल्या प्रवाशाला तेथे एखाद्या जुन्या घराची ऊब वाटावी, हा त्यांचा हेतू होता.

टेहळणीच्या बुरुजासाठी तर त्यांनी अपार कष्ट घेतले. प्राचीन आदिवासींचे पडके बुरूज शोधण्यासाठी त्यांनी लहानशा विमानातून त्या प्रदेशाची पाहणी केली. मग त्या स्थळी प्रत्यक्ष जाऊन भिंतींची ठेवण अभ्यासली. या तयारीत सुमारे सहा महिने गेले. बुरुजाचा आतला सांगाडा पोलादाचा आहे. पण बाहेरचा प्रत्येक दगड त्या स्वतः पारखून घेत. एखादा दगड मनाजोगा बसला नाही, तर तो काढून पुन्हा बसवावा लागे. आतील भिंती फ्रेड काबोटी या होपी चित्रकाराने आपल्या जमातीच्या कथाचित्रांनी सजवल्या.

नवे उभारताना जुने जपावे कसे, हे मेरीबाईंनी ‘ब्राइट एंजेल लॉज’ या पांथशाळेच्या वेळी दाखवून दिले. त्या जागी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेले ओंडक्यांचे एक घर आणि घोडागाड्यांच्या थांब्याची एक जुनी इमारत होती. ती पाडून टाकण्याचा विचार चालला होता. मेरीबाईंनी त्यास ठाम विरोध केला. त्यांनी दोन्ही वास्तू दुरुस्त करून नव्या पांथशाळेतच सामावून घेतल्या. १९३५ साली ही पांथशाळा सुरू झाली. तिच्यातील एका चुलाण्यात घळईच्या तळापासून काठापर्यंतचे खडक त्याच क्रमाने रचले आहेत. त्यासाठी एका भूशास्त्रज्ञाचे साहाय्य घेतले होते. त्या चुलाण्याजवळ बसलेल्या प्रवाशाला पृथ्वीचा इतिहासच समोर दिसतो.

मेरीबाईंची सर्वांत लाडकी निर्मिती म्हणजे विन्स्लो गावचे ‘ला पोसादा’ हॉटेल. एका श्रीमंत स्पॅनिश घराण्याचा हा जुना वाडा आहे, अशी कथा त्यांनी मनाशी रचली आणि त्या कथेला शोभेल असे सारे घडवले. बागा, कमानी, पलंग, खुर्च्या, दिवे, काही काही त्यांच्या नजरेतून सुटले नाही. हॉटेल १९३० साली उघडले. पण तेव्हा मंदीचे दिवस आले होते. पुढे लोक आगगाडी सोडून मोटारीने व विमानाने प्रवास करू लागले. रेल्वेची हॉटेले ओस पडू लागली.

१९४८ साली, एकोणऐंशीव्या वर्षी, मेरीबाई निवृत्त होऊन सँटा फे येथे राहू लागल्या. त्यांना उतारवयात मोठे दुःख सोसावे लागले. १९५७ साली त्यांनी सजवलेले गॅलप गावचे ‘एल नवाहो’ हॉटेल पाडण्यात आले. त्याच साली ‘ला पोसादा’ची दारेही बंद झाली. जन्मभर ज्यांनी इतरांच्या जुन्या वास्तू वाचवल्या, त्यांच्या स्वतःच्या वास्तू मात्र त्यांच्या डोळ्यांदेखत नाहीशा होऊ लागल्या. ८ जानेवारी १९५८ रोजी मेरीबाईंनी जगाचा निरोप घेतला.

१९७० साली अल्वाराडो हॉटेलही जमीनदोस्त झाले. ते पडलेले पाहून आल्बुकर्कीच्या नागरिकांना फार हळहळ वाटली आणि जुन्या इमारती जपल्या पाहिजेत, ही जाणीव तेथे बळावली. ‘ला पोसादा’त रेल्वेने कचेऱ्या थाटल्या होत्या. आतील मूळ रचना मोडली होती आणि इमारत पाडली जाण्याची भीती होती. अखेर १९९७ साली ती नव्या मालकांनी विकत घेतली आणि कष्टाने पूर्ववत करून तेथे पुन्हा हॉटेल सुरू केले. त्यापूर्वी, १९८७ साली, ग्रँड कॅन्यनच्या काठावरील मेरीबाईंच्या चार वास्तूंना राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकांचा मान मिळाला होता.

केवळ कुलूप लावून जुने घर टिकत नाही. त्याच्यात माणसांचा वावर असावा लागतो, त्याचा काही उपयोग व्हावा लागतो, म्हणजे ते जगते. मेरी कोल्टर यांनी आपल्या कामातून हाच धडा दिला. आणि त्याच धड्याने पुढे त्यांची स्वतःची लाडकी वास्तूही तारली.