इल्मची जकात देणारे खाँसाहेब

रमजान आला की मुस्लिम घरांत जकातीचा हिशेब मांडला जातो. ठराविक मर्यादेपेक्षा जास्त सोने, चांदी किंवा पैसा वर्षभर शिल्लक राहिला, तर त्यातला अडीच टक्के वाटा गरजूंचा असतो. तो वाटा आपला नसतोच, आपल्याकडे फक्त अमानत म्हणून असतो, अशी त्यामागची भावना आहे. जाणती मंडळी याला जोडून आणखी एक गोष्ट सांगतात. इल्म म्हणजे विद्या, आणि विद्येचीही जकात असते. ती दुसऱ्याला शिकवूनच द्यावी लागते. अशी जकात सढळ हाताने देणाऱ्यांत मिरजेचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे नाव घ्यावे लागेल.

खाँसाहेबांचा जन्म १८७२ सालचा, उत्तर प्रदेशातील कैराना गावचा. याच गावाच्या नावावरून किराणा घराणे ओळखले जाते. घरात पिढ्यान्‌पिढ्या गाणे आणि सारंगी. वडील काले खाँ यांच्याकडून आणि घरातल्या वडीलधाऱ्यांकडून त्यांना तालीम मिळाली. तरुणपणी भाऊ अब्दुल हक यांच्यासोबत ते बडोद्याला आले आणि सयाजीराव महाराजांच्या दरबारात गायक म्हणून राहिले. तिथेच सरदार माने यांची कन्या ताराबाई त्यांच्याकडे गाणे शिकू लागल्या. पुढे दोघांनी लग्नाचा निर्णय घेतला आणि बडोदा सोडले. मुंबईमार्गे ते मिरजेला आले.

मिरज तेव्हाही गाण्याचे आणि तंतुवाद्यांचे गाव होते. इथल्या कारागिरांच्या तंबोऱ्यांना लांबून मागणी असे. खाँसाहेब स्वतः बीन आणि सारंगी वाजवत आणि वाद्यांची दुरुस्तीही स्वतःच्या हाताने करत. प्लेगच्या साथीत ते आजारी पडले आणि ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात बरे झाले, असे मिरजेत आजही सांगितले जाते. तेव्हापासून दर्ग्याच्या उरुसात गाऊन हजेरी लावण्याचा नेम त्यांनी पाळला.

त्या काळी घराण्याची विद्या घरातच ठेवण्याची रीत होती. मोठमोठे उस्ताद आपल्या ठेवणीतल्या चिजा मुलाला किंवा जावयाला देत. बाहेरच्या शिष्याला वर्षानुवर्षे सेवा करूनही अर्धेच हाती लागे. खाँसाहेबांनी हा रिवाज मोडला. १९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले, पुढे मुंबईतही त्याची शाखा निघाली. एका मुसलमान उस्तादाने काढलेल्या शाळेचे नाव आर्य, आणि तिथे शिकणारी बहुतेक मुले हिंदू घरांतली. यात कुणाला काही वावगे वाटले नाही. गरीब घरातली मुले विद्यालयातच राहत, तिथेच जेवत. त्यांच्याकडून फी घेतली जात नसे. खर्चासाठी खाँसाहेब गावोगाव जलसे करत आणि मिळालेले पैसे शाळेत घालत. जलशात ते शिष्यांनाही गायला बसवत, म्हणजे मुलांची भीड चेपे.

त्यांच्या शिकवण्याची सुरुवात गाण्याने होत नसे, तंबोरा लावण्याने होत असे. तारा नीट जुळल्या की तंबोऱ्यातून न छेडलेला गंधारही आपोआप ऐकू येतो. तो ज्याच्या कानाला कळला, त्याच्याच गळ्यातून पुढे खरा सूर निघेल, असे त्यांचे मत होते. त्यानंतर पहाटेचा खर्जाचा रियाज. खालच्या सुरावर आवाज स्थिर ठेवून दीर्घ दमाने बसायचे, आणि हे आठवड्यांचे नव्हे, महिन्यांचे काम असे. मग सरगम आणि अलंकार. राग मोजकेच घ्यायचे, पण घेतलेला राग पुरता मुरल्याशिवाय पुढचा नाही. तोडी, मुलतानी, पूरिया अशा रागांतला कोमल स्वर नेमका कुठे लागतो, एवढ्यासाठी एकच जागा शेकडो वेळा घोटून घेतली जाई.

बंदिशीकडे पाहण्याची त्यांची दृष्टीही वेगळी होती. शेकडो चिजा पाठ असण्याला त्यांच्या लेखी फारसे मोल नव्हते. बंदिशीची स्थायी नीट बसली, मुखडा समेवर सहज येऊ लागला, की तिच्या आधाराने एकेक सूर वाढवत न्यायचा, हा त्यांचा धडा. रागाचे चलन बंदिशीतच असते. ते उलगडून दाखवणे हे गवयाचे काम. विलंबित लयीत सूर-सूर पुढे नेणारी किराणा घराण्याची आलापी अशा शिकवण्यातून महाराष्ट्रात आणि कर्नाटकात रुजली.

शिकण्यात मात्र त्यांनी कमीपणा मानला नाही. म्हैसूर आणि मद्रासकडे त्यांचे वरचेवर जाणे होई. कर्नाटक संगीतातले सरगम गाण्याचे कौशल्य त्यांनी अभ्यासून आपल्या गायकीत आणले, त्यागराजांच्या कृतीही गायल्या. श्रुतींचा अभ्यास करणारे सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमेंट्स यांना त्यांनी प्रत्यक्ष गाऊन सूक्ष्म स्वर दाखवले. खानदानी विद्या परक्यांसमोर मोजमापाला ठेवणे, हे त्या काळी धाडसच होते. टिपू नावाच्या पाळीव कुत्र्यालाही त्यांनी सुरात आवाज लावायला शिकवले होते. लोक ते पाहून हसत, पण कान तयार करता येतो यावर खाँसाहेबांचा किती विश्वास होता, हेही त्यातून कळते.

त्यांचा सर्वांत नामवंत शिष्य कुंदगोळचा रामभाऊ. आठ वर्षे जवळ राहायचे, या अटीवर खाँसाहेबांनी त्याला घेतले. वयात येताना त्याचा आवाज फुटला आणि जाड झाला. दुसऱ्या गुरूने असा मुलगा परत पाठवला असता. खाँसाहेबांनी त्याच आवाजावर मेहनत करून घेतली. रामभाऊ नाटक कंपनीत गेला, हे त्यांना रुचले नाही. पण त्याच रंगभूमीवर तो सवाई गंधर्व म्हणून गाजला. सवाई गंधर्वांनी पुढे गंगूबाई हनगल आणि भीमसेन जोशी यांना घडवले.

दुसऱ्यांच्या मुलांना घडवणाऱ्या या उस्तादाच्या घरात मात्र दुःख वाढत होते. १९२२ च्या सुमारास ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांची नावे आणि आडनावेही बदलली. थोरला अब्दुल रहमान सुरेशबाबू माने झाला. चंपाकली हिराबाई बडोदेकर म्हणून आणि सकीना सरस्वती राणे म्हणून ओळखली जाऊ लागली. सुरेशबाबूंना वडिलांची तालीम काही वर्षे मिळाली होती. पुढचे शिक्षण त्यांनी आणि हिराबाईंनी घराण्यातलेच उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे घेतले. जो दरवाजा खाँसाहेबांनी कुणाच्याही मुलासाठी उघडा ठेवला, तिथे त्यांचीच मुले येईनाशी झाली. विद्यालयही बंद पडले होते. खाँसाहेब मिरजेत राहिले आणि शिकवत राहिले.

१९३७ च्या ऑक्टोबरात ते दक्षिणेच्या दौऱ्यावर होते. मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वाटेत त्यांना अस्वस्थ वाटू लागले. सिंगपेरुमाळ कोइल या लहानशा स्टेशनवर ते शिष्यांसह उतरले. फलाटावर बिछाना घातला गेला. त्यांनी नमाज अदा केली, तंबोरा जुळवून घेतला आणि दरबारी कानड्याच्या सुरांत अल्लाहचे नाव घेत राहिले. थोड्या वेळाने ते आडवे झाले आणि पुन्हा उठले नाहीत. ती २७ ऑक्टोबरची तारीख होती. रमजानचा चाँद दिसायला आठ-दहा दिवसच उरले होते. त्यांना मिरजेला आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आले.

घरापासून तुटलेली मुले मात्र सुरापासून तुटली नाहीत. हिराबाईंनी बाईमाणसाच्या गाण्याला मैफलीच्या व्यासपीठावर मानाचे स्थान मिळवून दिले. सुरेशबाबू आणि हिराबाईंकडे प्रभा अत्रे शिकल्या. सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ पुण्यात १९५३ साली सुरू झालेल्या महोत्सवाला आज हजारो श्रोते जमतात. आणि मिरजेच्या दर्ग्यात दरवर्षी उरुसाला गवई येतात, खाँसाहेबांच्या मजारीजवळ बसून गातात. कोण कुठल्या घराण्याचा, कुठल्या धर्माचा, हे तिथे कुणी विचारत नाही. तंबोरा जुळला आहे ना, एवढेच पाहिले जाते.